आमच्या ख्रिस्ती घरात लेक आली: दत्तक प्रक्रियेचा अनुभव

२०२४ च्या ऑगस्टमध्ये समाजसेविका ताई शेवटच्या भेटीला येऊन गेल्या आणि २०१९ मध्ये सुरू झालेलं आमचं दत्तकाचं काम कागदोपत्रीही संपलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, नात्यातल्या बायका मला अधूनमधून बाजूला घेऊन विचारतात, "कसं केलं गं? कुठं जायचं असतं? आपल्या ख्रिस्ती लोकांना चालतं का हे?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगितलं की काहीतरी राहूनच जातं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. लेकीचं नाव, तिचा फोटो, ती ज्या संस्थेतून आली तिचं नाव यात नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यात मनाई आहे, आणि तिची गोष्ट कोणाला सांगायची ते मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल.

आम्ही नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. मी एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स, मिस्टर पतसंस्थेत कारकून, घरी सासूबाई. लग्न २०११ मध्ये झालं. पुढची काही वर्षं उपचारांत गेली. पुण्याच्या फेऱ्या, इंजेक्शनं, कर्ज. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही.

पण मंडळीत काय व्हायचं ते सांगते. आमच्या महिला मंडळाच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत माझं नाव प्रार्थनेच्या यादीत कायम असायचं. बायबलमधल्या, उशिरा मूल झालेल्या हन्नेची गोष्ट निघायची, सारेची निघायची. "सारेला नव्वदाव्या वर्षी झालं बाई, तू तर अजून पस्तिशीची." "संतती हे परमेश्वराने दिलेलं धन" हे स्तोत्र कोणी वाचलं की मी मान खाली घालून बसायचे. मदर्स डेच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्या आयांना उभं करून एकेक गुलाब देतात. आमच्या बाकावर मी एकटी बसलेली असायचे. त्या बायकांनी माझ्यावर प्रेमच केलं, याबद्दल मला शंका नाही. तरी माझं सांगणं आहे, आपापल्या मंडळीत हे उभं करणं बंद करा. फूल द्यायचंच तर दारात प्रत्येक बाईच्या हातात द्या.

दत्तकाचा विषय मिस्टरांनी काढला, २०१९ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात. माझी आई ऐकून गप्प झाली आणि मग म्हणाली, "अजून थोडी वाट पाहा. प्रभूच्या आधी धावू नकोस." माझ्याही मनात तेच होतं. दत्तक घेणं म्हणजे प्रार्थना सोडून देणं, विश्वास कमी पडला असं कबूल करणं, असं मला वाटायचं. सासूबाईंना सांगायची तर मला भीतीच वाटत होती. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी आणलेल्या पोरींतली. तिचे आईबाप कोण, कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या पोटी आम्ही. आता या घरात रक्त कोण विचारणार आहे?"

पंडिता रमाबाईंनी १८९७ आणि १९०० च्या (संवत १९५६, म्हणून 'छप्पनच्या') दुष्काळांत शेकडो मुली मुक्ती मिशनमध्ये आणल्या, हे आम्ही शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, शिकलेलो. त्यातलीच एक आमच्या घरची मूळ बाई होती, हे लग्नाला आठ वर्षं होऊनही मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक काढून वाचलं. मर्दखयाने आईबाप नसलेल्या चुलत बहिणीला मुलगी मानून वाढवलं, आणि ती राजवाड्यात गेल्यावर तिचं कसं चाललंय ते विचारायला तो रोज अंगणापाशी फेऱ्या घालायचा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे फेऱ्या घालणं तेव्हा पहिल्यांदा मनात बसलं. विश्वास आणि खेटे घालणं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, हे मला तिथून कळलं. पुढची चार वर्षं मी त्यावर काढली.

आता कायद्याचं. ही माहिती आपल्या लोकांत फार कमी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे आणि तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी लोकांना तो लागू नाही. पूर्वी आपल्याकडे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मुलाचं फक्त पालकत्व मिळायचं. आमच्या ओळखीतल्या एका वयस्क जोडप्याने असंच एक बाळ वाढवलं. पण मूल अठरा वर्षांचं झालं की ते पालकत्व संपतं, वारसाहक्क आपोआप येत नाही. त्यांना मृत्युपत्र करून ठेवावं लागलं. बाल न्याय कायद्याने हे बदललं. २०१५ च्या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या जोडप्याला दत्तक घेता येतं आणि आदेश झाल्यावर ते मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखंच धरलं जातं.

आम्ही चौकशी करत होतो तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी एका दस्तलेखकाने सांगितलं, "शंभराच्या स्टँपवर दत्तकपत्र करून देतो, ओळखीच्या दवाखान्यातून बाळही मिळेल." अशा ठिकाणाहून लगेच उठून यायचं. ख्रिस्ती जोडप्यासाठी त्या दत्तकपत्राला काही अर्थ नाही आणि दवाखान्यातून परस्पर बाळ घेणं गुन्हा आहे. रस्ता एकच: 'कारा' या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी.

ती आम्ही ऑगस्ट २०१९ मध्ये केली. दोघांचा फोटो, पॅन कार्ड, जन्माचे दाखले, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, दोघांना गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नाही असा डॉक्टरांचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयाची बेरीज बघतात. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी तेव्हा ती नव्वदच्या आत लागायची, आमची पंचाहत्तर होती.

लग्नाच्या प्रमाणपत्रापाशी आम्ही अडकलो. आपलं लग्न चर्चमध्ये १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतं आणि परवानाधारक पाळकाने दिलेला रजिस्टरचा उतारा हाच पुरावा. रजिस्टरमध्ये मिस्टरांचं बाप्तिस्म्याचं नाव होतं, पॅनवर शाळेतलं. आडनावाचं स्पेलिंगही दोन तऱ्हांनी. शपथपत्र करून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं लिहून द्यावं लागलं, पाळकसाहेबांनी नवा उतारा सही-शिक्क्यानिशी दिला. ज्यांच्या घरात बाप्तिस्म्याचं एक आणि शाळेचं एक अशी नावं आहेत त्यांनी हे काम नोंदणीच्या आधीच उरकावं. शपथपत्राच्या तीन-चार मूळ प्रती करून ठेवा. पुढे कोर्टात आणि जन्मदाखल्याच्या वेळी पुन्हा लागतात.

फॉर्ममध्ये मुलगा, मुलगी की कोणीही, कुठल्या वयाचं, कुठल्या राज्यातलं, विशेष गरजा असलेलं मूल चालेल का, असे पर्याय असतात. आम्ही दोन वर्षांच्या आतलं, कोणीही, महाराष्ट्र असं भरलं. मुलाचा धर्म किंवा जात निवडायची सोय नाही. नसावीच.

नोव्हेंबरमध्ये होम स्टडी, म्हणजे घराची आणि आमची पाहणी, झाली. तिचे तेव्हा सहा हजार रुपये होते, पावतीसह. समाजसेविका ताई घरी आल्या, दोघांशी वेगवेगळं बोलल्या, सासूबाईंशी वेगळं. घर चकचकीत आहे का हे त्या बघत नाहीत. उपचार थांबवल्याचं दुःख पचलंय का, भांडण झालं की काय करता, कर्ज किती, मी रात्रपाळीला गेल्यावर बाळ कोणाकडे असेल, हे विचारतात. मला त्यांनी विचारलं, "मूल जन्माने कुठल्या धर्माचं, हे कळणार नाही. उद्या मोठं होऊन त्याने तुमचा विश्वास नाकारला तर?" मी थांबले. मग खरं तेच सांगितलं, की घरी रोज संध्याकाळी उपासना होते, तिच्यात ते वाढेल, पण विश्वास पोटच्या मुलाच्याही गळी उतरवता येत नाही. नाकारलं तर दुखेल, आणि तरी ते आमचंच असेल. ताईंनी ते लिहून घेतलं. माझा सल्ला, पाठ केलेली उत्तरं देऊ नका. आपण धार्मिक आहोत म्हणून चांगले पालक होऊ असं भासवायचीही गरज नाही.

डिसेंबरमध्ये अहवाल संकेतस्थळावर चढला आणि आम्ही रांगेत लागलो.

वाट पाहण्याचा काळ डिसेंबर २०१९ ते जुलै २०२२. मधे कोरोना. चर्च बंद, उपासना मोबाइलवर, मी पीपीई किटमध्ये. संकेतस्थळावर आपला क्रमांक दिसतो, तो कधी भराभर खाली येतो, कधी महिनोन्महिने हलत नाही. मी प्रभूवर चिडलेसुद्धा. वॉर्डात कोरोनाने गेलेल्या एका बाईचं तान्हं बाळ तिच्या सासूच्या मांडीवर बघितलं त्या दिवशी घरी येऊन मी प्रार्थनेला बसलेच नाही. सासूबाईंनी काही विचारलं नाही. माझ्या वाट्याची प्रार्थनाही त्यांनीच केली आणि जेवायला वाढलं. पुढेही कितीतरी संध्याकाळी असंच झालं. स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्याच्या प्रार्थनेत नुसतं बसून राहावं, एवढं मला त्या काळात कळलं.

या काळात करण्यासारख्या तीन गोष्टी सांगते. होम स्टडीची मुदत तेव्हा तीन वर्षांची होती. ती संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. मोबाइल नंबर आणि ई-मेल बदलू नका, कारण निरोप त्यावरच येतो. आणि बाळाचे कपडे आधीपासून जमवू नका. माझ्या आईने विणलेले स्वेटर लेक आली तेव्हा एकही अंगाला बसला नाही.

जुलै २०२२ च्या एका संध्याकाळी मी ड्यूटीवर असताना मेसेज आला. चौदा महिन्यांची मुलगी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत. फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल, आणि तिला आमच्यासाठी राखून ठेवायचं की नाही ते कळवायला अठ्ठेचाळीस तास. मी नर्स असूनही अहवाल वाचताना अक्षरं दिसेनात. जन्माचं वजन कमी, हृदयात जादा आवाज (मर्मर) नोंदवलेला, वाढ जरा मागे. दुसऱ्या दिवशी आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचून काय काय तपासून घ्यायचं ते लिहून दिलं. तुम्हीही हे करा. अठ्ठेचाळीस तास कमी वाटले तरी ओळखीचा बालरोगतज्ज्ञ आधीपासून सांगून ठेवला असेल तर पुरतात. त्या रात्री आम्ही तिघांनी गुडघे टेकले आणि सकाळी राखून ठेवण्याचं बटण दाबलं. पुढे वीस दिवसांत संस्थेत जाऊन मुलीला भेटायचं, कागद तपासायचे आणि स्वीकृती द्यायची, असा तेव्हाचा नियम.

संस्थेत ती एका मावशींच्या कडेवर होती. माझ्याकडे आली नाही. मिस्टरांच्या खिशातलं पेन तेवढं ओढून घेतलं. मनात काही वीज चमकेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. अनोळखी पोर आणि घाबरलेली मी. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण साक्ष देताना लोक पहिल्या भेटीचं फार गोड वर्णन करतात, आणि मग ज्यांना तसं वाटलं नाही त्या बाया आपल्यातच काही कमी आहे असं समजतात.

बालनिधीचे, म्हणजे मुलांच्या सांभाळासाठी संस्थेला द्यायच्या ठरलेल्या रकमेचे, चाळीस हजार आम्ही संस्थेच्या खात्यात भरले. ठरलेल्या रकमेव्यतिरिक्त देणगी कोणी मागितली तर द्यायची नाही, कोणालाही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नवी नियमावली आली, रकमा आणि मुदती बदलल्या. आज नोंदणी करताना काराच्या संकेतस्थळावरचे आकडे बघा, माझे नकोत. जाणं-येणं, नोटरी, फोटो, झेरॉक्स हा खर्च वेगळा.

ऑगस्टमध्ये, दत्तकपूर्व संगोपनाच्या (आदेश होईपर्यंत फक्त सांभाळ करण्याच्या) कागदांवर सह्या करून, आम्ही तिला घरी आणलं.

रजेचं सांगते. दत्तक आईला बारा आठवड्यांची पगारी रजा देणाऱ्या कायद्यात तेव्हा बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट होती. आमची चौदा महिन्यांची, त्यामुळे मला ती मिळाली नाही. बिनपगारी घेतली. यासाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

पहिले आठवडे ती रडली नाही. पडली, भूक लागली, रात्री जाग आली, तरी डोळे उघडे ठेवून गप्प. दवाखान्यात शेकडो बाळं हाताळलेली मी, मला त्या गप्प राहण्याची भीती वाटली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, रडून कोणी लगेच येत नाही असं कळलं की मुलं रडणं सोडतात. ती रडेल तेव्हा आनंद माना. पोळीचे तुकडे ती मुठीत दाबून झोपायची. आम्ही ते काढून घेतले नाहीत. पाहुण्यांना महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलं, त्यावरून काहीजण रागावले. महिला मंडळाने मात्र छान काम केलं: घरात न येता दारात डबा ठेवून जायच्या. संध्याकाळच्या उपासनेला सासूबाई भजन म्हणताना टाळ वाजवायच्या. एक दिवस लेकीने टाळाचा एक भाग ओढून घेतला आणि जमिनीवर आपटत बसली. त्यानंतर उपासनेची वेळ झाली की तीच टाळ आणून द्यायची. नाताळच्या आसपास एका रात्री ती मोठ्याने, हात पसरून, माझ्याकडे बघत रडली. मी तिला घेऊन अंगणात फिरत राहिले, आणि मीही रडले.

कोर्टाचं काम याच वेळी चालू होतं. संस्थेने तिच्या जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज ऑगस्टमध्येच केला होता. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि दत्तकाचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचे असं ठरलं. आमची फाइल तिकडे निघाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली प्रकरणं कोर्टांनीच चालवावीत असा अंतरिम आदेश दिला, आणि फाइल परत आली. मधल्या महिन्यांत ती कोणाच्या टेबलावर आहे ते नीट कोणी सांगू शकत नव्हतं. कायद्यात दोन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. आमचं मन रोज कच्चं व्हायचं: आदेश नाही म्हणजे ती अजून आमची नाही. दर सोमवारी मिस्टर संस्थेला नम्रपणे फोन करायचे. मर्दखयाच्या फेऱ्या त्या याच. तुमच्या जिल्ह्यात सध्या आदेश कोण देतं हे नोंदणी करतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्या.

बाप्तिस्म्याचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. "लेकरू घरात आलंय, आता बाप्तिस्मा थांबवायचा कशाला?" असं वडीलधाऱ्या बायका म्हणायच्या. माझी आईही. मलाही घाई होती, खोटं कशाला बोलू. पण पाळकसाहेबांनी आम्हाला बसवून शांतपणे समजावलं की बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप म्हणून वचन द्यायचं असतं, आणि कायद्याने आपण अजून फक्त सांभाळ करणारे आहोत. तिच्या दत्तकाविषयी ज्या कोर्टाने निर्णय द्यायचाय, त्याच्या आधी आपण तिच्या वतीने असं पाऊल उचलू नये. घरात प्रार्थना करा, तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या, त्याला कोणाच्या आदेशाची गरज नाही. मला हे पटलं. परक्याचं लेकरू घाईने आपल्या रजिस्टरात ओढून घ्यायचं नाही, एवढा धीर आपल्यात हवा असं माझं ठाम मत आहे.

मार्च २०२३ मध्ये सुनावणी झाली, बंद दालनात. न्यायाधीशांनी मिळकत, घर, तिच्या तपासण्या विचारल्या आणि "आई कामावर गेल्यावर कोण?" असं विचारलं. सासूबाई आमच्यासोबत आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. आदेश त्याच महिन्यात झाला. ईस्टरनंतरच्या रविवारी बाप्तिस्मा झाला. मंडळीनेही वचन दिलं. रजिस्टरमध्ये आईच्या रकान्यात माझं नाव लिहिलेलं मी दोनदा वाचलं.

जून २०२३ मध्ये नवा जन्मदाखला मिळाला, त्यावर आईवडील म्हणून आमची नावं. मग आधार, मग लसीकरणाचं कार्ड नव्या नावाने. आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या मागून घ्या आणि एक घराबाहेर, भावाकडे किंवा बँकेत ठेवा. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला येते, आम्हाला प्रत्येक भेटीचे दोन हजार पडले. त्या भेटींना घाबरू नका. दुसऱ्या भेटीत मी ताईंना सांगितलं की मला फार थकवा येतो, कधी कधी तिच्यावर ओरडते. त्यांनी मला दत्तक पालकांच्या एका गटाचा नंबर दिला आणि त्याचा मोठाच आधार झाला.

लेकीला आम्ही पहिल्यापासून सांगतो, तिला कळेल अशा शब्दांत: तुला दुसऱ्या एका आईने जन्म दिला, मग तू संस्थेत मावशींकडे होतीस, मग आम्ही तुला न्यायला आलो. रात्रीच्या प्रार्थनेत त्या आईसाठी आम्ही नाव न घेता प्रार्थना करतो. हे लिहिताना लेक तीन वर्षांची आहे. परवा ती म्हणाली, "त्या आईला पण बिस्किट दे." पुढे ती अवघड प्रश्न विचारेल. त्यांची उत्तरं माझ्याकडे अजून नाहीत.

सध्या आमच्या मंडळीतली दोन जोडपी नोंदणी करताहेत. रविवारी उपासनेनंतर शब्बाथशाळेच्या खोलीत आम्ही कागद घेऊन बसतो. तुम्हीही कोणाला मदत करणार असाल तर सुरुवात लग्नाच्या उताऱ्यापासून करा. त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण जुनी रजिस्टरं कधी डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) कचेरीत गेलेली असतात, कधी लग्न लावणारे पाळक बदलून गेलेले असतात.